तोडणी क्रम बदलण्याचा अधिकार : सभेपूर्वी थोडे मागचे, थोडे पुढचे



या सदरात मी एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, हुमणी असल्याच गोष्टी लिहितो. या खेपेला जरा वेगळा विषय घेतला आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पोटनियम दुरुस्तीचा एक विषय आहे. नोटिशीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे, त्यामुळे पुष्कळांनी तो वाचलाही नसेल. विषय असा : “गळीत हंगामात विशेष परिस्थिती उद्भवल्यास, मा. अध्यक्षांस आवश्यक वाटेल त्याप्रमाणे, नोंदणीनुसार ठरलेल्या तोडणी क्रमात बदल करण्याचा अधिकार राहील.”

हा विषय कोठून आला ते आधी सांगतो, कारण तो कोणाच्या वाईट हेतूने आलेला नाही. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी या बाजूला, म्हणजे नागझिऱ्याच्या जंगलाला लागून, आपले जे थोडे उसाचे पट्टे आहेत तेथे रानडुकरांनी गेली काही वर्षे फार नुकसान केले आहे. डुक्कर एका रात्रीत धुऱ्यालगतच्या सऱ्या आडव्या करतो. खातो थोडे, मोडतो फार. मोडलेला ऊस आठ-पंधरा दिवस पडून राहिला की तो गाळपाच्या लायकीचा राहत नाही. त्यात बिबट्याने उसात पिल्ले घातली की मजूर फडात पाय घालत नाहीत. १९७० साली अभयारण्य झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल राखले गेले ही चांगलीच गोष्ट आहे, पण जंगलाच्या कडेला ज्याचा फड आहे त्याला आपला नंबर येईपर्यंत थांबणे परवडत नाही हेही तितकेच खरे. तेव्हा या गावांच्या सभासदांनी मागणी केली की आमचा ऊस क्रम सोडून आधी तोडावा. मागणी रास्त आहे. मी स्वतः तसा अहवाल दिला आहे.

माझे म्हणणे एवढेच की मागणी होती डुकराची, आणि ठरावात डुकराचे नावही नाही. ठरावात आहे “विशेष परिस्थिती” आणि “आवश्यक वाटेल त्याप्रमाणे”. हे शब्द फार ऐसपैस आहेत. त्यांच्यात डुक्करही बसते आणि माणूसही बसतो.

आता कोणी म्हणेल, शेतकी खात्याच्या माणसाने यात का पडावे? पडावे लागते, कारण तोडणीच्या स्लिपेवर सही आमची असते. आणि असा एक ठराव मी पूर्वी एकदा पाहिला आहे.

डिप्लोमा करून मी नुकताच नोकरीला लागलो होतो. कारखाना दुसऱ्या भागातला, नदीकाठचा. नाव घेत नाही. त्या वर्षी पूर आला आणि काठचा ऊस चार दिवस पाण्यात राहिला. त्या वेळचे अध्यक्ष माणूस म्हणून खरोखर चांगले. स्वतः गमबूट घालून फडाफडांतून फिरले. तोडणी क्रम बदलायचा तर दर वेळी संचालक मंडळाची सभा भरवावी लागे, त्यात आठवडा जाई. म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव आला : अध्यक्षांना अधिकार द्यावा. हात वर झाले, टाळ्या पडल्या. अनुमोदन दिले ते काठच्याच एका गावच्या वयस्क शेतकऱ्याने. त्या हंगामात बुडीत ऊस खरोखरच आधी गेला. कोणाची तक्रार नाही. मी त्या वेळी मनात म्हटले, असा अधिकार आधीच द्यायला हवा होता.

ठरावाला मुदत घातलेली नव्हती, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. माझ्याही नाही.

पुढे निवडणूक झाली, पॅनेल बदलले. नवे अध्यक्ष आले आणि पहिल्याच हंगामात त्यांनी जुन्या ठरावांची फाईल मागवली. त्या वर्षी पूर नव्हता, दुष्काळ नव्हता, काहीच नव्हते. पण गटवार याद्या वरून आल्या त्यांत काही नावांपुढे लाल पेन्सिलीची खूण होती, आणि ती नावे खाली गेली होती. कोणती नावे, हे कोणाला सांगावे लागले नाही. ज्याने मागच्या वेळी अनुमोदन दिले तो म्हातारा विरोधी पॅनेलचा सूचक होता. त्याचा तीन एकर आडसाली ऊस. नोव्हेंबरच्या अखेरीस जायचा, तो फेब्रुवारीत उभा, मार्चमध्ये उभा. तुरा आला, वरच्या कांड्या पोकळ पडल्या, विहिरीचे पाणी आटले. तो दर दोन दिवसांनी गट ऑफिसला यायचा. “साहेब, माझा नंबर?” मी म्हणायचो, “वरून आदेश आहे काका, माझ्या हातात नाही.” शेवटी एप्रिलमध्ये ऊस गेला. वजन किती घटले ते मी सांगत नाही, त्याचे त्याला ठाऊक आणि मला ठाऊक. त्याने साखर आयुक्तांकडे अर्ज करायचे मनात आणले होते. पण अर्जात लिहायचे काय? क्रम बदलला तो ठरावाप्रमाणे. ठरावात कारण लिहिण्याची अट नव्हती. अध्यक्षांना आवश्यक वाटले, संपले. तो मला म्हणाला, “मी हात वर केला होता तो त्या माणसाकडे बघून. हा येईल असं कोणाला वाटलं होतं?”

त्या स्लिपांवर सही माझी होती. नोकरी नवी होती, घरी लहान भावंडे होती. हे समर्थन म्हणून नाही सांगत.

असो. ही एका कारखान्याची गोष्ट झाली. पण मागाहून वाचनात आले तसे लक्षात आले की हीच गोष्ट आपल्या देशाच्या राज्यघटनेतही घडून गेली आहे, आणि तिचा काही भाग तर आपल्या या भागाशीच जोडलेला आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इंग्रजांनी १९३५ चा कायदा केला त्यात ९३ वे कलम होते. प्रांताचा कारभार नीट चालत नाही असे गव्हर्नरला वाटले तर सारी सत्ता त्याने आपल्या हाती घ्यावी, असे ते कलम. १९३९ साली युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले तेव्हा आपला भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. तेथेही हेच कलम लागले आणि १९४६ पर्यंत गव्हर्नरचा कारभार चालला. म्हणजे आपल्या आजोबांनी हे कलम अंगावर सोसलेले आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर ते कलम जायला हवे होते, असे आपल्याला वाटेल. गेले नाही. रूप बदलून ते आपल्या घटनेत आले, त्याचा आजचा क्रमांक ३५६. राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालू शकत नाही अशी राष्ट्रपतींची खात्री पटली तर राज्य सरकार बाजूला करून केंद्राने कारभार घ्यावा. राष्ट्रपती म्हणजे व्यवहारात केंद्राचे मंत्रिमंडळ. हे कलम घालणारे लोक सत्तेचे लोभी होते असे कोणी म्हणू शकणार नाही. फाळणी नुकतीच झालेली, तेलंगणात बंड, संस्थाने विलीन होत होती. पुराचे वर्षच होते ते. त्यांना अधिकार हवा होता तो खऱ्या कारणासाठी.

तरीसुद्धा ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत यावर वाद झाला. आपल्याच मध्य प्रांत व वऱ्हाडातून गेलेले सभासद ह. वि. कामत यांनी या आणीबाणीच्या कलमांना कडाडून विरोध केला. त्यांनी जर्मनीचे उदाहरण दिले. ते उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत लोकशाही आली आणि वायमार घटनेत ४८ वे कलम घातले गेले : संकटकाळी अध्यक्षाने फर्मान काढून कारभार करावा. पहिले अध्यक्ष एबर्ट हे लोकशाहीवादी गृहस्थ. त्यांनी हे कलम शंभरावर वेळा वापरले, बहुतेक प्रजासत्ताक वाचवण्यासाठीच. लोकांना फर्मानाची सवय झाली. पुढे १९३० पासून पार्लमेंटात बहुमत जमेना म्हणून हिंडेनबुर्ग यांच्या सहीने कारभारच फर्मानांवर चालू लागला. १९३३ च्या जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला आणि २८ फेब्रुवारीला त्याच ४८ व्या कलमाखाली नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित करणारे फर्मान निघाले. हत्यार हिटलरने घडवले नव्हते. ते त्याला तयारच मिळाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वादाला उत्तर देताना धोका नाकारला नाही. या कलमाचा गैरवापर होऊ शकतो हे त्यांनी मान्य केले. त्यांनी आशा एवढीच व्यक्त केली की हे कलम वापरण्याची वेळच येऊ नये, ते नुसते कागदावर पडून राहावे, आणि वेळ आलीच तर आधी त्या राज्याला इशारा दिला जाईल. यात बाबासाहेबांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांची योग्यता कोठे, मी कोठे. पण आशा ही आशा असते आणि कलम हे कलम असते. १९५१ च्या जूनमध्ये, ते स्वतः कायदामंत्री असतानाच, पंजाबात ते पहिल्यांदा वापरले गेले. पुढे १९५४ साली बाबासाहेब आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पडले. (गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा १९९९ मध्ये झाला.) जुनी माणसे अजून त्या निवडणुकीच्या गोष्टी सांगतात. मी हे एवढ्यासाठी सांगतो की घटनेचा मसुदा करणारा एवढा मोठा माणूस, तोसुद्धा कलम लिहून बाजूला झाला, आणि कलम राहिले ते पुढे येणाऱ्यांच्या हाती. अधिकार लिहिणाऱ्याजवळ राहत नाही.

१९५९ साली केरळात विधानसभेत बहुमत असलेले सरकार याच कलमाने काढले गेले. तेव्हापासून पायंडा पडला. आणि आता खरी पाहण्यासारखी गंमत येते. १९७७ साली आणीबाणीनंतर जनता पक्ष केंद्रात निवडून आला. ही सारी माणसे सत्तेच्या अतिरेकाविरुद्ध लढून, तुरुंग भोगून आलेली. त्यांनी काय केले? लोकसभेत काँग्रेस हरली म्हणून राज्यांतील काँग्रेस सरकारांनाही आता लोकांचा विश्वास उरला नाही, असे म्हणून एका झटक्यात नऊ राज्यांच्या विधानसभा याच कलमाने बरखास्त केल्या. राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, तेथेही हरली. जनता पक्षाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तीन वर्षेही गेली नाहीत. १९८० च्या जानेवारीत इंदिराजी परत निवडून आल्या आणि १७ फेब्रुवारीला त्यांनीही नऊच राज्य सरकारे बरखास्त केली. कारण तेच, कलम तेच, आकडासुद्धा तोच. त्या नऊंत आपला महाराष्ट्र होता. शरद पवारांचे पुलोद सरकार गेले आणि जूनपर्यंत मुंबईत राष्ट्रपती राजवट राहिली. आता पुलोदमध्ये जनता पक्षही भागीदार होता. १९७७ साली ज्यांनी हे कलम परक्याच्या घरावर चालवले त्यांच्याच घरावर ते उलटून आले, आणि तक्रार कोणत्या तोंडाने करणार? आमच्या त्या म्हाताऱ्या अनुमोदकाचे तोंड मला येथे आठवते.

कलम ३५६ आजवर शंभराहून अधिक वेळा वापरले गेले आहे. कागदावर पडून राहील म्हणून आशा केली होती ते हे.

दुसरे उदाहरण अगदी लहान आहे, पण आपल्या ठरावाशी त्याचे फार साम्य आहे. केंद्र सरकारने आपला कारभार कसा चालवावा याचे १९६१ चे कार्यनियम आहेत. त्यांत १२ वा नियम असा की निकड असेल तेव्हा पंतप्रधानांना या नियमांना फाटा देता यावा. कोणत्याही ऑफिसात अशी सोय लागते. मंत्री दौऱ्यावर आहेत, बैठक होऊ शकत नाही, काम अडू नये. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीची शिफारस राष्ट्रपतींकडे गेली ती मंत्रिमंडळाची बैठक न होता, याच नियमाचा आधार देऊन. मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. मग ४४ वर्षे गेली. इंदिराजी गेल्या, त्यांचा पक्ष सत्तेवरून गेला, त्यांच्या विरोधकांचे सरकार आले. २०१९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात सरकार बनेना म्हणून राष्ट्रपती राजवट लागली होती. २३ तारखेला पहाटे ती उठवली गेली, मंत्रिमंडळाची बैठक न घेता, त्याच १२ व्या नियमाने. सकाळी लोक उठले तो मुंबईत शपथविधी झालेला. त्या दिवशी कोण बरोबर, कोण चूक, या वादात मला पडायचे नाही. आपल्या सभासदांत सर्व पक्षांचे लोक आहेत. मला दाखवायचे आहे ते एवढेच की सोयीसाठी लिहिलेली एक ओळ दोन परस्परविरोधी पक्षांच्या उपयोगी कशी पडली.

मुदतीचेही असेच. १९६२ साली चीनने हल्ला केला म्हणून आणीबाणी लागली. लढाई महिन्याभरात थांबली, आणीबाणी उठली ती १९६८ च्या जानेवारीत. ३ डिसेंबर १९७१ ला बांगलादेश युद्धासाठी पुन्हा लागली. युद्ध दोन आठवड्यांत जिंकले, पण ती आणीबाणी १९७५ मध्येही चालूच होती, आणि तिच्यावरच दुसरी चढवली गेली. दोन्ही उठल्या त्या मार्च १९७७ मध्ये. त्याच १९७१ साली मिसा कायदा आला होता, चौकशीशिवाय स्थानबद्ध करण्याचा. देशाच्या सुरक्षिततेसाठी केलेला. आणीबाणीत याच कायद्याखाली, शहा आयोगाच्या हिशेबाप्रमाणे, पस्तीस हजारांच्या घरात माणसे आत गेली. स्थानबद्धांनी निरनिराळ्या उच्च न्यायालयांत दाद मागितली, नऊ ठिकाणी त्यांच्या बाजूने निकाल लागला. सरकार वर गेले. तो खटला जबलपूरच्या नावाने ओळखला जातो. हो, आपली गोंदियाची गाडी जाते तेच जबलपूर. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात जाता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध गेले. तो निकाल चुकीचा होता असे त्याच न्यायालयाने स्पष्ट म्हटले ते २०१७ मध्ये. आत गेलेल्यांचे दिवस काही परत आले नाहीत.

मिसा जनता सरकारच्या काळात रद्द झाला, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, तोही चौकशीशिवाय स्थानबद्धतेचाच. तो आजही आहे. त्यानंतर केंद्रात किती रंगांची सरकारे आली आणि गेली, त्यांत मिसाखाली तुरुंग पाहिलेले मंत्रीही कमी नव्हते. तो कोणी रद्द केला नाही. खुर्चीत बसल्यावर प्रत्येकाला वाटते, हा अधिकार माझ्या हातात सुरक्षित आहे.

मग उपाय काय? अधिकार द्यायचाच नाही का? असे मी म्हणणार नाही. आपला भाग तलावांचा. कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांवर धान आणि ऊस पिकवत आपल्या कित्येक पिढ्या गेल्या. ऐन पावसाळ्यात मध्यरात्री पाळ फुटायला आली तर कोणी ग्रामसभा भरवत बसत नाही. जो जवळ असेल त्याने जाऊन पाणी सोडायचे. पण सकाळी गावासमोर उभे राहून सांगायचे की पाणी का सोडले, किती सोडले, कोणाच्या बांधीत गेले. आणि पाणी उतरले की दार बंद. रात्री दार उघडले म्हणून तलाव त्याच्या मालकीचा होत नाही.

देशानेही ठेच लागल्यावर हेच केले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीचे दार अरुंद केले. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही, म्हणजे १२ व्या नियमाची पळवाट तेथे तरी बंद झाली. “अंतर्गत अशांतता” हे ऐसपैस शब्द काढून “सशस्त्र उठाव” असे नेमके शब्द घातले. महिन्याच्या आत संसदेची विशेष बहुमताने मान्यता हवी. जिवाचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येत नाही. ३५६ च्या बाबतीत काम झाले ते ११ मार्च १९९४ च्या बोम्मई निकालाने. त्या नऊ न्यायाधीशांत आपले न्या. पी. बी. सावंत होते आणि त्यांचे निकालपत्र त्यात महत्त्वाचे मानले जाते. सरकारला बहुमत आहे की नाही हे राजभवनात नव्हे, सभागृहात ठरवा, आणि बरखास्तीची कारणे न्यायालय तपासू शकेल, असे ठरले. त्यानंतर ३५६ चा वापर बराच कमी झाला, बंद मात्र झाला नाही.

नीट पाहिले तर यांत नवीन काही नाही. नेमके शब्द, लेखी कारण, ठरावीक मुदत, आणि दुसऱ्या कोणाची तरी नजर. चार गोष्टी. आपल्या ठरावात त्यांतली एकही नाही.

आता आपल्या ठरावाकडे येतो. मी शेतकी समितीसमोर काही सूचना लेखी ठेवल्या आहेत, त्या सभासदांनाही कळाव्यात.

“विशेष परिस्थिती” याऐवजी वन्य प्राण्यांनी मोडलेला ऊस, जळीत ऊस, आणि पाण्यात बुडालेला ऊस, असे स्पष्ट लिहावे. उद्या चौथे काही निघाले तर सभेत आणून वाढवता येईल. “आवश्यक वाटेल त्याप्रमाणे” याऐवजी शेतकी विभागाच्या पंचनाम्यावरून, असे असावे. यावर एक सभासद मला म्हणाले, “म्हंजे अधिकार तुमच्याच हातात घेता की साहेब.” बरोबर बोलले. म्हणून पंचनाम्यावर त्या गटातील दोन ऊस उत्पादकांच्या सह्या हव्यात, आणि त्यांतला एक तरी ज्याचा नंबर मागे सरकणार आहे तो असावा. तो सहजासहजी सही देणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठीच तो हवा.

क्रम बदलला की कोणाचा ऊस पुढे गेला, कोणाचा किती दिवस मागे गेला आणि का, हे त्याच दिवशी गट ऑफिसच्या फळ्यावर लागावे. सध्या स्लिपा कोणाला निघाल्या हे मुकादमाला आधी कळते आणि शेतकऱ्याला शेवटी. ज्याला अन्याय वाटेल त्याने तीन दिवसांत शेतकी समितीकडे अर्ज द्यावा, समितीने आठ दिवसांत निकाल द्यावा. उसाला यापेक्षा जास्त थांबता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची मुदत. हा अधिकार एका गळीत हंगामापुरता असावा आणि पुढच्या सभेत न मागितल्यास आपोआप संपावा. येथे एक व्यवहाराची बाब ध्यानात घ्या. पोटनियम एकदा बदलला की तो काढायलाही हजर सभासदांच्या दोन-तृतीयांश मतांची आणि निबंधकांच्या मंजुरीची वाट पाहावी लागते. ज्या अध्यक्षाकडून अधिकार काढून घ्यायचा तोच त्या सभेच्या अध्यक्षस्थानी असतो, विषयपत्रिका त्याच्याच सहीने निघते. मुदत घातलेली असली तर काढावा लागत नाही. हवा असणाऱ्याला मागावा लागतो. फरक मोठा आहे.

पुष्कळांचे मत असे की सध्याचे अध्यक्ष असे काही करणार नाहीत. माझेही तेच मत आहे. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तो त्यांना दाखवला. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, “माझ्यानंतर कोण येणार म्हणून तुम्हाला वाटतं?” मी म्हटले, “साहेब, ते मला ठाऊक असतं तर लेख लिहायची गरज नव्हती.” हसले आणि म्हणाले, छापा. ते मनाने मोठे म्हणून हे छापून येत आहे; पण तुम्ही मतदान करताना त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणू नका. ज्याच्याशी तुमचे बोलणे बंद आहे, ज्याच्या विरोधात तुम्ही गेल्या निवडणुकीत फिरलात, त्याचा चेहरा आणा आणि मग नोटिशीचे मागचे पान पुन्हा वाचा.

दुरुस्तीसूचना लेखीच हव्यात. सभेत उभे राहून ऐनवेळी मांडलेली सूचना गोंधळात वाहून जाते, हे आपण दरवर्षी पाहतो. सभासद क्रमांक व सहीसह साध्या कागदावर लिहून ती सभेच्या आठ दिवस आधी आपल्या गट ऑफिसला द्यावी व पोच घ्यावी. पोच देण्यास कोणी टाळाटाळ केल्यास मला भेटावे.

जाता जाता कामाचे : जंगलालगतच्या गावांतील सभासदांनी डुकराने मोडलेल्या उसाची खबर त्याच दिवशी वन विभागाच्या जवळच्या ऑफिसला आणि आमच्या ॲग्री ओव्हरसिअरला, दोघांनाही द्यावी. मोडलेला ऊस पंचनाम्यापूर्वी उचलू नये. सातबाऱ्याचा उतारा आणि ऊस नोंदणीची पावती जवळ ठेवावी. नोंदणीतला गट क्रमांक व सातबाऱ्यावरचा गट क्रमांक जुळतो की नाही हे आताच पाहून घ्यावे. गेल्या हंगामात निव्वळ या चुकीने बरीच प्रकरणे अडकून पडली होती.

— ऊस विकास अधिकारी